दुकान सुरतेत, मालक मराठी. मग पत्ता कोणाचा?

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आहे आणि अर्धे गुजरातेत. एकाच फलाटावरून दोन राज्यांत पाय ठेवता येतो. तेथील सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांतून दिल्या जातात. रेल्वेला हे सुचले, कारण प्रवासी चार भाषांचे आहेत हे तिने डोळ्यांनी पाहिले. त्याच मार्गाने खानदेशातून सुरतेस गेलेल्या आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावलेल्या मराठी माणसाने आता महाजालावर दुकान थाटले, तर त्याच्या पाटीवर मात्र एकच लिपी दिसते, आणि ती रोमी. हा योगायोग नव्हे. ही शरणागती आहे, आणि ती आपण कोणी न मागता पत्करली आहे.

गेल्या काही वर्षांत सुरतेतील अनेक मराठी विक्रेते साड्या, ड्रेसचे कापड, नऊवारी शिवून देण्याचे काम थेट ग्राहकांस विकू लागले आहेत. त्यांचे ग्राहक धुळे, अमळनेर, शहादा, नंदुरबार येथील. बोलणे मराठीत वा अहिराणीत, दरांची घासाघीस मराठीत, तक्रारही मराठीत. परंतु दुकानाचा पत्ता कसा असावा, हा प्रश्न आला की मालक तो संकेतस्थळ बांधून देणाऱ्यावर सोपवतो. तो सांगतो, ‘ही तांत्रिक बाब आहे, भाषेची नव्हे.’ या एका वाक्याने आपण गप्प बसतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. पत्त्याचे रूप निवडणे ही आधी भाषेची बाब आहे, मग सुरक्षेची, आणि शेवटी तंत्राची. आणि या तिन्ही अंगांनी पाहिले तरी आजची रूढ निवड चुकीची ठरते.

प्रथम भाषा. ‘साडी’ हा दोन अक्षरांचा शब्द रोमी लिपीत लिहून पाहा. पहिल्या अक्षरात ‘ए’ एकदा लिहावा की दोनदा? ‘डी’ साठी ‘डी’ घ्यावा की ‘आर’? शेवटी ‘आय’ घ्यावा, ‘वाय’ घ्यावा की दोन ‘ई’? दोन, दोन आणि तीन पर्यायांचा गुणाकार बारा होतो. एका साध्या शब्दाची बारा रूपे, आणि बाराही कोणीतरी प्रामाणिकपणे लिहू शकेल अशी. दुकानाच्या नावात आणखी एक मराठी शब्द असला की ही संख्या पुन्हा गुणिली जाते. दुकानदार यांतले एक रूप विकत घेतो. उरलेली अकरा मोकळी राहतात, आणि मोकळ्या जागेवर लबाड माणसाचा डोळा असतोच. दूरध्वनीवर पत्ता ऐकून तो टंकणारी अमळनेरची भगिनी यांतल्या कोणत्या दारात जाऊन पैसे भरील, हे दैवावर सोडलेले असते. देवनागरीत ‘साडी’ एकाच रीतीने लिहिली जाते, आणि ऐकणाऱ्यास ती रीत शाळेतच शिकवलेली आहे. ज्या लिपीत उच्चार आणि लेखन यांचे नाते घट्ट आहे, ती लिपी पत्त्यासाठी अधिक सुरक्षित आहे, हे मान्य करण्यास भाषाभिमान लागत नाही, हिशेब पुरतो.

आता सुरक्षा. कोणत्याही नावाची चार रूपे संभवतात: कूटबद्ध जोडणीचे आणि तिच्याविना, आणि या दोहोंत पुढे तीन डब्ल्यू असलेले व नसलेले. मालकाच्या लेखी चारही एकच दुकान असते. यंत्राच्या लेखी ती चार निरनिराळी ठिकाणे असतात. त्यांतले एक मुख्य ठरवून उरलेल्या तिघांनी ग्राहकास कायमस्वरूपी तिकडे वळवावे, हा साधा नियम आहे. मुख्य रूप अर्थातच कूटबद्ध असले पाहिजे; २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर अन्य पत्त्यांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारतो, आणि लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र विनामूल्य मिळत असल्याने खर्चाची सबबही उरलेली नाही.

येथे एक बारकावा बहुतेक जण विसरतात. पत्ता वळवण्याचे काम प्रमाणपत्र तपासून झाल्यानंतर घडते, आधी नव्हे. म्हणून प्रमाणपत्रात केवळ मुख्य नाव असले आणि ग्राहकाने दुसरे कूटबद्ध रूप टंकले, तर वळण येण्यापूर्वीच ब्राउझर लाल इशारा देतो. तारांकित प्रमाणपत्र घेतले की काम भागले, अशीही समजूत आहे. तारांकित प्रमाणपत्र नावापुढील उपनावांस लागू होते. तारा वगळलेले मूळ नाव त्यात आपोआप येत नाही, ते वेगळे नोंदवावे लागते. माझ्या परिचयाच्या एका विक्रेत्याच्या पिशव्यांवर तीन डब्ल्यूंचा पत्ता छापलेला होता आणि प्रमाणपत्र त्याविना असलेल्या नावाचे होते. सणाच्या दिवसांत ग्राहक इशारा पाहून परतले, आणि मालकाला वाटले की बाजारच मंदावला. पिशवीवरचा पत्ता व प्रमाणपत्रातील पत्ता जुळतो का, हे त्याला कोणी विचारले नव्हते.

मग तीन डब्ल्यू ठेवावेत की काढावेत? रोमी पत्त्यांपुरता हा वाद बराचसा आवडीनिवडीचा आहे. मूळ नावास दुसऱ्या नावाचे उपनाम करता येत नाही, काही सेवादात्यांकडे त्यामुळे अडचण होते, एवढाच त्यातला खरा तांत्रिक मुद्दा. देवनागरी पत्त्यांपुरते मात्र उत्तर स्वच्छ आहे: काढावेत. ज्याने मराठी कळफलक उघडला आहे, त्यास केवळ तीन परकीय अक्षरांसाठी तो बंद करावयास लावणे हा अडाणीपणा आहे. येथे मराठीचे एक भाग्यही ध्यानात घेण्यासारखे आहे. हिंदीत वाक्याच्या अखेरीस दंड येतो. मराठीत पूर्णविराम हा टिंबच असतो. पत्त्यातील नाव व ‘भारत’ यांच्यामध्ये जे टिंब लागते ते मराठी माणसाच्या कळफलकावर आणि सवयीत आधीपासूनच आहे. संपूर्ण पत्ता एका लिपीत, एका कळफलकावर, एका दमात लिहिता येतो. अशी सोय असताना ती नाकारण्याचे कारण काय?

आणि सोय खरोखर आहे. देवनागरीतील ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले, ते हिंदीसह मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली आदी आठ भाषांसाठी. गुजराती लिपीतील ‘भारत’ही त्यानंतर उपलब्ध झाले. म्हणजे सुरतेतील दुकानदारास एकाच दुकानासाठी मराठी आणि गुजराती अशी दोन दारे ठेवता येतात. शेजाऱ्याच्या लिपीचा मान राखूनच आपली लिपी मिरवता येते. येथे कोणाशी भांडण करावे लागत नाही. सीमाभागात आम्ही जे वर्षानुवर्षे मागत आलो, ते हेच तर आहे.

आक्षेप येतील, आणि ते ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की पडद्यामागे हे नाव शेवटी रोमीच होते. खरे आहे. २००३ मध्ये ठरलेल्या प्युनिकोड नावाच्या पद्धतीने देवनागरी नावाचे ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे रूपांतर होते, आणि यंत्रे तेच वापरतात. परंतु यंत्राच्या पोटात शेवटी शून्य आणि एक असतात, म्हणून आपण पाटीवर शून्य आणि एक रंगवत नाही. पाटी माणसांसाठी असते. पैसे स्वीकारणाऱ्या एखाद्या सेवेच्या अर्जात देवनागरी पत्ता स्वीकारला गेला नाही, तर तेथे ते रूपांतरित नाव भरावे. ग्राहकास त्याचे दर्शनही घडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांना रोमी टंकण्याची सवय आहे. असेल. म्हणूनच एक रोमी नाव घ्यावे आणि ते मुख्य देवनागरी नावाकडे वळवावे. सवयीस दार उघडे ठेवावे. पाटी तिच्या हाती देऊ नये. आज याच्या उलट चालते: जे थोडे देवनागरी नावे घेतात, ते ती रोमी नावाकडे वळवतात, म्हणजे घराचे पुढचे दार मागे नेतात.

आता दोन शब्द आपल्याच पक्षास. ‘भारत घ्या आणि मोकळे व्हा’ असे सांगणारे आमचे उत्साही कार्यकर्ते अर्धेच सत्य सांगतात. देवनागरीतही खड्डे आहेत, आणि ते मराठीच्या वाट्याला अधिक आले आहेत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द आहेत. पहिल्यात डोंगर आहे, दुसऱ्यात समुद्र. पहिल्यातील अर्धा र काही कळफलक अदृश्य जोडचिन्हाच्या साह्याने लिहितात, आणि २००३ च्या नियमांनी ते चिन्ह पत्त्यातून गाळले जाई. मग दऱ्या थेट दर्यास मिळत. २०१० च्या सुधारित नियमांत त्या चिन्हास मर्यादित वाट दिली गेली, तरी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरणे हाच निर्धोक मार्ग होय. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. अ आणि चंद्र जुळवून लिहिलेले रूप डोळ्यास तेच दिसते, पण संगणकाच्या लेखी भिन्न असते. अनुस्वार आणि परसवर्ण, ऱ्हस्व आणि दीर्घ हे घोळ आहेतच. म्हणून दुकानाचे नाव निवडताना अशी अक्षरे टाळावीत, नाव छोटे आणि निःसंदिग्ध असावे, ते निरनिराळ्या फोनवर टंकून पाहावे आणि मगच पिशव्या छापाव्यात. आतल्या पानांचे पत्तेही आखूड ठेवावेत; कारण नक्कल करून पाठविलेल्या दुव्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमी चिन्हांएवढे फुगू शकते, आणि ‘मराठी’ या एका शब्दाची पंचेचाळीस चिन्हे होतात. आपल्या लिपीचे दोष लपवून तिचा प्रचार करणे ही तिची सेवा नव्हे.

एक इशारा आणखी. कूटबद्ध जोडणी एवढेच सांगते की वाटेत कोणी पत्र फोडून वाचत नाही. पत्र ज्याला लिहिले तो सज्जन आहे, असे ती सांगत नाही. लबाडालाही प्रमाणपत्र मिळते. म्हणून शेवटची खात्री नावावरच येऊन ठेपते, आणि जे नाव ग्राहकास वाचता, उच्चारता व आठवता येते, तेच त्याला ओळखता येते.

मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी १८४४ मध्ये सुरतेतच दुर्गाराम मेहताजींसमवेत मानवधर्मसभा स्थापन केली. मराठीचा व्याकरणकार आणि गुजराती शिक्षक एका बैठकीत बसले, आणि दोघांपैकी कोणासही आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागली नाही. १ मे १९६० रोजी रेषा ओढली गेली. डांगसारख्या प्रदेशाविषयीची खंत आजही सरलेली नाही. पण ती रेषा आम्ही ओढली नव्हती. दुकानाचा पत्ता मात्र आपण स्वतः निवडतो. त्यासाठी आयोग नको, न्यायालय नको, दिल्लीची परवानगी नको. लागते ती एक नोंदणी, सर्व नावे असलेले एक प्रमाणपत्र आणि थोडा निश्चय. जे कोणी अडवलेले नाही तेही आपण घेणार नसू, तर जे अडवले आहे ते कोणत्या तोंडाने मागणार?