ताटातली साखर आणि गाठीची भूक

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती रुग्णाच्या ताटावर. साखर बंद, भात बंद, केळी-चिकूही बंद. ‘कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात’ हा मोबाइलवरचा निरोप कुणीतरी वाचलेला असतो. दोन केमोनंतर रुग्णाचे कपडे ढगळ होतात आणि मुलगा अभिमानाने सांगतो, “डॉक्टर, गोडाचा कणही दिला नाही.”

या समजुतीच्या मुळाशी खरे विज्ञान आहे, म्हणूनच ती खोडणे अवघड जाते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले की, गाठीतल्या पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि प्राणवायू असतानाही त्यातले बरेचसे पूर्ण न जाळता लॅक्टेट करून बाहेर टाकतात. एक ग्लुकोज पूर्ण जळले तर ऊर्जा देणाऱ्या एटीपीचे तीसेक रेणू मिळतात; या अर्धवट वाटेने फक्त २. या पेशींची मायटोकाँड्रिया बिघडली असावीत, असे वारबुर्ग यांना वाटले. पुढे कळले, बहुतेक कर्करोगांत ती चालू असतात. मग हा उधळेपणा कशाला? सतत दुभंगणाऱ्या पेशीला नुसते इंधन पुरत नाही. डीएनए, चरबी, प्रथिने यांचा कच्चा माल लागतो आणि त्यातला बराचसा याच वाटेवरून वळवून घेता येतो. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते तीही या हावेमुळेच.

पण ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. यकृत ती बनवत राहते. खाणे तुटले तर स्नायूंतली प्रथिने मोडून. गाठ ग्लुटामाइन आणि चरबीवरही भागवते. उपाशी राहतो तो रुग्ण. वजन घसरले की केमो सोसत नाही, फेऱ्या लांबतात.

पेशीची उपासमार करणारे औषध आहे, पण ते नेम धरून मारते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे अ‍ॅस्परॅजिनेज रक्तातले अ‍ॅस्परॅजिन नष्ट करते. ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसे बनवता येत नाही. बहुतेक निरोगी पेशींना येते. वरणभात बंद करून हे साधत नाही.

मधुमेह असेल तर साखर आवरायलाच हवी, हे वेगळे. पण तोंड आलेल्या माणसाला मऊ भात, तूप, दूध, अंडे, आवडत असेल तर वाटीभर खीर द्यावी. केमोच्या कागदासोबत हेही मराठीत लिहून द्यायला हवे, आणि ते पहिल्याच भेटीत.