डोहाचा पत्ता कुणाला सांगावा?

गरी टाकून बसणाऱ्या माणसाला 'मासा केवढा मिळाला?' असे विचारले, तर तो दोन्ही हात ऐसपैस पसरतो. 'कुठे मिळाला?' असे विचारले की तेच हात खिशात जातात. हा जुना नेम आता मोडला आहे. मोबाईलवर काढलेले छायाचित्र जगभर फिरते, आणि जागेचे नाव गाळले तरी मागचा खडक, नदीचे वळण, पूल पाहून डोह ओळखणारे निघतातच. त्यामुळे हौशी मासे पकडणाऱ्यांत, विशेषतः पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर नाचवणाऱ्या 'फ्लाय फिशिंग'वाल्यांत, मोठा वाद आहे. आपली आवडती जागा चारचौघांत सांगावी की नाही?

न सांगणारे म्हणतात, सांगितले की गर्दी होते आणि मासा संपतो. सांगणारे म्हणतात, नदी काही कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण नुसता तर्क लढवण्यापेक्षा, हे सारे जिथे प्रत्यक्ष घडून गेले त्या कावेरीकडे पाहावे.

कावेरीच्या महाशीर माशाचा लौकिक जुना आहे. 1873 मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' लिहिले, तेव्हापासून साहेबांची पावले दक्षिणेतल्या नद्यांकडे वळली. 1946 मध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा महाशीर गळाला लागला. पुढे हा मासा संपलाच अशी समजूत पसरली. ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुणांनी खोटी ठरवली. त्यानंतर भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोरे येथे तळ उभे राहिले. परदेशी पाहुणे पैसे मोजून येत, मासा पकडत, त्याच्यासह छायाचित्र काढत आणि त्याला पाण्यात सोडून देत. म्हणजे पत्ता साऱ्या जगाला ठाऊक. गुपिताचा भंग म्हणायचा तर याहून मोठा कोणता?

तरीही तळ चालू होते तोवर काठावर माणसांचा वावर होता. मासा जिवंत राहिला तर आपली चूल पेटेल, हे तिथल्या वाटाड्यांना कळत होते. सुरुंग लावून मासे मारणाऱ्याला अशी जागती जागा नकोच असते. आणखी एक गोष्ट घडत होती, तिचे मोल पुढे कळले. गालिबोरेच्या तळावर रोजची वही लिहिली जात होती. 1998 ते 2012 या काळात 23,620 तास गळ टाकले गेले आणि 6,161 महाशीर पकडून सोडले गेले. संशोधकांनी या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की मासे एकूण वाढत होते. पण कावेरीचा खरा मानकरी, पाठीवर उंचवटा असलेला नारिंगी परांचा महाशीर, झपाट्याने नाहीसा होत होता. वाढत होता तो निळ्या परांचा, बाहेरून आलेला.

तो आला कुठून? इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. तो आपल्याकडचा. कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. धरणांमुळे त्याचे हाल होऊ लागले तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे हे काम खरोखर मोठे होते. पण त्यातली पिले परप्रांतांतल्या नद्यांतही सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगला होता, आणि गळ टाकणारेही खूश होते, कारण दोरीला ओढ अधिक वेळा बसू लागली! मूळच्या माशाला 'टॉर रेमादेवी' हे नक्की नाव 2018 मध्ये मिळाले. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. आपला निळ्या परांचा मासा मात्र त्याच सुमारास संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला.

म्हणजे कावेरीचे दुखणे उघड झाले ते पत्ता झाकल्याने नव्हे, नोंद उघडी झाल्याने. ती वही कपाटात राहिली असती, तर मासे वाढले म्हणून सगळे टाळ्या पिटत बसले असते.

मग सगळेच पत्ते जाहीर करावेत का? मुळीच नाही. सह्याद्रीतल्या नद्या एप्रिल-मेमध्ये डोहांपुरत्या उरतात; कोसभर पात्रातले मासे एका डोहात कोंडलेले असतात. तिथे एका जिलेटिनच्या कांडीने काम भागते. अशा डोहाचे छायाचित्र नावगावासकट फिरवणे म्हणजे शुद्ध अविचार. पण महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीला जा. तिथले महाशीर पाहायला कुणीही यावे, मुरमुरे टाकावेत; वरदायिनी देवीच्या त्या माशांना कुणी हात लावत नाही. काश्मीरमध्ये 1900 साली परदेशातून आणलेला ट्राउट रुजला. तिथे नदीचे टप्पे पाडलेले आहेत, टप्प्यांची नावे जाहीर आहेत आणि परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. एका ठिकाणी देवी राखण करते, दुसऱ्या ठिकाणी सरकार. जिथे राखणदार आहे तिथे पत्ता लपवायचे कारण नाही. जिथे नाही तिथे तोंड बंद ठेवावे, पण मासा कोणता, केवढा, कधी मिळाला ही नोंद अभ्यासकाच्या हाती जरूर द्यावी. 'माझी जागा' या भाषेचा मात्र मला कंटाळा आहे. ती जागा बहुधा काठच्या एखाद्या भोयाच्या किंवा कातकऱ्याच्या पोराने दाखवलेली असते, आणि त्या डोहावर त्याच्या घरचे कालवण शिजत असते. त्याला कुणी विचारले?

कावेरीच्या अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ पुढे लावला गेला आणि तळांवरचे गळ थांबले. कायद्याच्या शब्दाला धरून ते बरोबरही असेल. उंचवट्याचा महाशीर आज मुख्यतः तमिळनाडूतल्या मोयार नदीच्या आश्रयाने आहे. नदीचे नाव शास्त्रज्ञांनीच छापले आहे; पण तिचे काठ वाघांच्या राखीव जंगलात आहेत, उठून कुणीही जावे अशी ती जागा नाही. गालिबोरेची वही मात्र 2012 च्या पानावर थांबली, आणि गळाबरोबर नोंदही बंद झाली तर पुढचे हिशेब कोण ठेवणार, याचा विचार बंदी घालताना झालेला दिसत नाही.