कोच साहेबाचा, पैसा कुणाचा?



आपण साच्यावर उभी राहणारी माणसं. कापड बिघडलं की जॉबर जाब विचारतो. मग सरकारी कचेरीतल्या साहेबाला जाब कुणी विचारायचा?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट ऐका. १८६३ साली व्हर्जिनियातून फुटून निघालेलं हे राज्य, कोळसा खाणकामगारांचं, गरीब. तिथं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लोकांच्या मतांवर निवडून येतात. त्यांनी आपापल्या कचेऱ्या सजवून घेतल्या. ॲलन लॉफ्री यांच्या कचेरीवर साडेतीन लाखांहून जास्त डॉलर गेले. त्यात एक कोचच ३२ हजारांचा! रॉबिन डेव्हिस यांच्या कचेरीवर सुमारे ५ लाख. आणि याच लॉफ्रींनी राज्यातल्या भ्रष्टाचारावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं!

त्याच राज्यात मास्तरांचा वर्षाचा सरासरी पगार सुमारे ४५ हजार डॉलर. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते संपावर गेले. ५५ च्या ५५ जिल्ह्यांत शाळा बंद. नऊ शाळेचे दिवस टिकून राहिले, तेव्हा कुठं ५ टक्के वाढ पदरात पडली. मास्तराला संप करावा लागला, कोच मात्र नुसत्या सहीनं आला.

हे चाललं कसं? न्यायालयानं मागितलेला खर्च कापायचा हक्कच विधिमंडळाला नव्हता. मागणारे तेच, खर्च करणारेही तेच. बोभाटा झाल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये महाभियोग आला आणि नोव्हेंबरात लोकांनी मत देऊन विधिमंडळाच्या हाती कात्री दिली. लॉफ्री तुरुंगात गेले, पण ते सरकारी गाडीच्या फसवणुकीपायी आणि तपासनीसांशी खोटं बोलल्यापायी. कोचासाठी तुरुंगात कुणीच गेलं नाही.

कुणी म्हणेल, साहेबाला बरी खोली नको का? हवी. गळकं छप्पर दुरुस्त करा, टेबल द्या, आणि कामाला आलेल्या गरिबाला टेकायला बाकडंही द्या. त्यावरचा थाट आमच्या पैशानं नको.

आपलं राज्य १ मे १९६० ला झालं. १०६ हुतात्म्यांनी जीव दिला, त्यात गिरणीकामगारही होते. त्यांनी रक्त सांडलं ते कुणाच्या दालनाच्या गालिच्यासाठी सांडलं नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. युनियनच्या प्रत्येक शाखेनं एक अर्ज टाकावा: दालनावर खर्च किती झाला, मंजूर कुणी केला, जुनं सामान गेलं कुठं? उत्तर आलं की पाळी सुटताना गेटवर मोठ्यानं वाचा. नाही आलं, तर तेही वाचा!