काळ्या दाण्याचा दंड कोणी भरायचा?

खान्देशात भरिताला जांभळे वांगे चालत नाही. हिरवेच लागते, अंगावर पांढऱ्या रेषांचे. त्या सालीला गिऱ्हाईक खुशीने पैसे मोजते. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे रंग ही मालाची ओळख ठरते आणि तिला दाम मिळतो.

ज्वारीच्या ढिगापुढे मात्र हाच रंग आपल्यावर उलटतो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, "काळी पडली" म्हणतो आणि भाव पाडतो. हा काळा रंग जातीचा नव्हे, पावसाचा आहे. जुन्या खरीप जाती उशिरा निसवत. पाऊस ओसरल्यावर त्यांचा दाणा भरे. १९६४ साली सी.एस.एच.-१ आला आणि संकरित ज्वारी साडेतीन महिन्यांत पिकू लागली. परतीचा पाऊस लांबला की पक्व कणीस भिजते, बुरशी धरते. लाल-तपकिरी दाण्याच्या सालीत टॅनिन असते, म्हणून अशा जाती बुरशीला जास्त तोंड देतात. पण भाकर पांढरी हवी, म्हणून पांढरा दाणा निवडला गेला. उत्पन्न वाढले, देशाला धान्य मिळाले. पावसाची जोखीम तेवढी आपल्या माथी आली.

काळी ज्वारी चांगली, असे आम्ही म्हणत नाही. बुरशीने भरलेला दाणा माणसाने खाऊ नये, जनावरालाही घालू नये. पण चार डागी दाणे आणि काळाठिक्कर ढीग यांना एकच भाव कसा?

सरकारची तऱ्हा पाहा. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,३७१ रुपये, मालदांडीची ३,४२१. जातीजातीत फरक आहे हे दिल्लीला मान्य आहे. मग आपल्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणाऱ्या दादरचे नाव त्या यादीत का नाही? शिवाय ही किंमत एफएक्यू दर्जाच्या मालालाच. पाऊस लागला त्या वर्षी, आधार हवा तेव्हाच, केंद्राचे दार बंद!

आमच्या मागण्या तीन. डागी दाण्याचे प्रमाण नजरेने नव्हे, नमुना मोजून ठरवा. पावसाच्या वर्षी दर्जाची सवलत खरेदी सुरू होण्याआधी जाहीर करा. दादरचा लिलाव दादर म्हणूनच करा. त्यासाठी आपणही दादरमध्ये दुसरी ज्वारी मिसळता कामा नये.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या ज्वारीचा किलोभर नमुना आणावा. मोजणीची सुरुवात आपणच करू.