शिळा नकाशा

मतदारसंघाच्या सीमा वाकड्या आखल्या तरच अन्याय होतो, असा पुष्कळांचा समज आहे. सरळ आखलेली सीमाही शिळी झाली की तितकाच अन्याय करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईचेच पाहा. १९७१ च्या खानेसुमारीवर आखलेले विधानसभेचे मतदारसंघ २००८ पर्यंत चालले. शहरास १७ जागा, उपनगरांसही १७. दरम्यान वस्ती माहीमच्या खाडीपलीकडे लोटली. २००१ साली शहरात सुमारे ३३ लाख माणसे होती, उपनगरांत ८६ लाख. म्हणजे बोरिवलीकडील अडीच माणसे मिळून कुलाब्याकडील एक! पुढे फेररचनेने शहरास १० व उपनगरांस २६ जागा दिल्या. पण तोवर एक पिढी उलटली.

सीमा गोठविण्याचे समर्थन असे की, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये. राज्याराज्यांतील वाटणीपुरते हे मान्य. परंतु कुलाब्याची जागा बोरिवलीस दिल्याने तमिळनाडूचे काय बिघडणार होते? २०२४ ची निवडणूकही २००१ च्याच आकड्यांवर झाली. प्रत्येक खानेसुमारीनंतर राज्यांतर्गत सीमा नव्याने आखणे सक्तीचे झाले पाहिजे. एरव्ही 'एक माणूस, एक मत' हे तत्त्व घटनेच्या पानांतच शोभून दिसेल.