दगडाला दात नसतात

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल स्वस्तात मिळत नाही. मिळाला असं कुणी सांगितलं, तर एकतर तो थापा मारतोय, नाहीतर बैलात खोड आहे. इथं विकणारा जेवढा मुरलेला, तेवढाच घेणारा. जबडा उघडून दात बघायचे, आदत आहे की दुसा, चौसा की जुळलेला ते ठरवायचं. खूर उचलायचे, भोवरा कुठं पडलाय ते पाहायचं, चार पावलं चालवायचं. मग टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाची किंमत तर आमच्यासारख्यांनी नुसती ऐकायची.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला दगडांचं वेड. तिथं गावोगावी दगड आणि खनिजं जमवणाऱ्यांचे क्लब असतात, आणि हे क्लब अधूनमधून सभासदांसाठी लिलाव भरवतात. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक दगडापुढं कागद. आपलं नाव आणि बोली लिहायची, पुढच्यानं त्याखाली वाढीव आकडा लिहायचा. वेळ संपली की शेवटचं नाव ज्याचं, दगड त्याचा. म्हणजे टॉवेल नाही, सगळं उघड्यावर. तरी शेवटच्या दोन मिनिटांत लोक एकेका कागदाभोवती जे घुटमळतात ते पाहून मला आपला बाजारच आठवतो, असं तो सांगतो. चांगले दगड कवडीमोलानं मिळतात का, हे मी विचारलंच.

"चांगल्यावर सगळ्यांचाच डोळा असतो मामा. तो आपल्या किमतीलाच जातो. घबाड असलंच तर खोक्यात."

खोकी म्हणजे कुणी जुना सभासद वारला की घरच्यांनी क्लबला देऊन टाकलेला माल. माळ्यावरची धूळ बसलेले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीस-चाळीस दगड, एकगठ्ठा. त्यांची पाळी येईपर्यंत लोकांचे खिसे रिकामे झालेले असतात आणि गाडीत जागाही उरलेली नसते. भाच्यानं असंच एक खोकं १५ डॉलरला उचललं. त्यात तळाशी पीचच्या रंगाचा, मूठभर स्टिल्बाइट निघाला. मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारखे त्याचे स्फटिक, दोन्ही टोकांना पसरलेले. भारतातला स्टिल्बाइट तिकडं इतका येतो की कुणी ढुंकून बघत नाही. पण याला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, शाईनं लिहिलेली: भोर घाट, पूना.

ती चिठ्ठी खरी असेल, तर मला दगडापेक्षा तीच महाग वाटते. भोर घाट म्हणजे आपला बोरघाट. त्याचं रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं. सुरुंगांनी सह्याद्री फोडला, तेव्हा काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून जे स्फटिक बाहेर पडले ते विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचं वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढं खडकात मुरणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू स्फटिक वाढवले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट. वाघोलीच्या खाणींतला कॅव्हन्साइट तर इतका निळा की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो रंगवलेलाच वाटावा. तो प्रथम सापडला अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, १९६७ साली. पण जगभरच्या कपाटांत मिरवतो तो वाघोलीचा.

आता गंमत अशी की परदेशी कपाटातल्या चिठ्ठ्यांवर आपल्या दगडांची गावं फार थोडी. पूना, नाशिक, जळगाव, संपलं. नगर जिल्ह्यातला दगडही पूना आणि मराठवाड्यातलाही पूना. काही वेळा हे अज्ञान असतं, काही वेळा व्यापाऱ्याची हुशारी. खाणीचं नाव सांगितलं की उद्या दुसरा व्यापारी तिथं हजर. धंदा म्हणून मला हे कळतं, पण पटत नाही. बैलाची पावती असते, जमिनीचा सातबारा असतो. दगडाला दात नसतात, त्यामुळे तो कुठला, कुठल्या थरातला, हे त्याचं तोंड उघडून कळत नाही. गाव गेलं की अभ्यासाच्या दृष्टीनं तो निम्मा मेला, मग दिवाणखान्यात कितीही चमको.

आमच्याकडं असे दगड निघतात ते बहुतेक विहिरीत. सुरुंग उडतो, यारीनं डबर वर येतो, त्यात काहीतरी लखलखतं. पोरं चार गारगोट्या खिशात घालतात, एखादा मोठा तुकडा टीव्हीशेजारी किंवा तुळशीपुढं जातो, बाकीचा ढीग बांधावर. आमच्या शेजारच्या नानांच्या विहिरीला असा एक पांढरा घोस लागला होता. कुणी गिऱ्हाईक आलं, दोन पाट्या भरून घेऊन गेलं. काय दिलं विचारलं तर नाना हसले. "दगडाचं काय घ्यायचं रं? चहा पाजला मीच." तेच नाना बैलाच्या दोनशे रुपयांसाठी अर्धा तास बोटं सोडत नाहीत. स्वस्तातला सौदा होतो तो एकाला माहीत आणि दुसऱ्याला माहीत नाही तिथंच. अमेरिकेतल्या त्या हॉलमध्ये असा सौदा खोक्याच्या तळाशी शोधावा लागतो. आमच्या बांधावर तो उघडा पडलेला असतो, फक्त त्यात माहीत नसणारे आम्ही असतो.

उलटी फसवणूकही आहेच. अजिंठ्याला गेलात की पोकळ दगड उघडून दाखवणारे विक्रेते मागं लागतात. घ्यावा, पण भिंग लावून. जांभळा, गुलाबी रंग भेगांत जास्त गडद साचला असेल तर तो रंग बाटलीतला. ओकेनाइटचे कापसासारखे पांढरे गोळेही रंगवून विकतात. आणि त्याला बोट लावू नका, तंतू दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. काचेसारखा दिसतो म्हणून अपोफिलाइटला स्फटिक म्हणून गळ्यात मारणारेही भेटतील. गारेचा खरा स्फटिक काचेवर ओरखडा काढतो, अपोफिलाइटला ते जमत नाही. शिवाय अपोफिलाइटच्या सपाट माथ्यावर मोत्यासारखी झाक असते, ती एकदा पाहिली की चुकत नाही. नुसती नजर बसवायची असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एक दिवस काढून पाहावं.

एक गोष्ट मात्र बाजाराबाहेरची. कुकडीकाठच्या बोरीत नदीच्या काठात ज्वालामुखीची राख सापडली, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. ती राख सुमात्रातल्या टोबाची, पण ७५ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या काठावर हातात मावेल असा घडवलेला दगड दिसला, तर त्याचा भाव करायचा नाही. परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार कायद्यानं गुन्हा आहे, आणि जागचा हलवला की तो पुरावाही राहत नाही. आहे तिथं ठेवून पुण्यात डेक्कन कॉलेजला कळवावं.

विहिरीच्या दगडाला मात्र हात लावा. यारीवाल्याला आधीच सांगून ठेवा की पोकळी लागली तर पहार जरा बेतानं. तुकडा निघाला की कागदाच्या चिटोऱ्यावर गाव, गट नंबर, किती फुटांवर लागला आणि तारीख एवढं लिहून सोबत ठेवा. कुणी घ्यायला आलंच तर आधी त्यालाच त्याचं नाव विचारा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दाखवा, मग बोला. आणि गुंडाळायला वर्तमानपत्र चांगलं. हे पान घेतलंत तरी माझी हरकत नाही.