पुरस्काराची पाने आणि चित्रपटाचा चेहरा

चित्रपटाविषयी बोलताना आपण कथा, दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण यांची क्रमाने हजेरी घेतो. ज्या चित्राकडे पाहून तो चित्रपट आपण पाहायला घेतला, त्या चित्राचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही. पुस्तकाच्या बाबतीत असे होत नाही. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ म्हटले की जुने वाचक आजही क्षणभर थांबतात आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर मुखपृष्ठकाराचे नाव रीतसर छापलेले असते. चित्रपटाच्या तबकडीचे वेष्टन कोणी सजवले, हे शोधूनही बहुधा सापडत नाही. या अनास्थेची किंमत चित्रपटालाच मोजावी लागते, आणि पुरस्कारप्राप्त चित्रपटाला ती जरा अधिकच मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

हे मत बनले ते एका विद्यार्थिनीमुळे. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात आम्ही व्हित्तोरिओ डी सिका यांचा १९४८ सालचा सायकलचोरीचा चित्रपट दाखवला होता. कपाटातली तबकडी जुनी होती. तिच्या वेष्टनावर इंग्रजीत चोर एकवचनी होता आणि त्याखाली ऑस्करचा ठळक उल्लेख. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, "सर, यावर एकच चोर लिहिलाय. मी तर दोन मोजले." आम्ही इतकी वर्षे हा चित्रपट शिकवीत होतो, ते वेष्टन नीट वाचण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

मूळ इटालियन शीर्षक अनेकवचनी आहे. अमेरिकेत प्रदर्शित होताना त्याचे एकवचन झाले आणि ते कित्येक दशके टिकले. क्रायटेरियन कलेक्शनने २००७ साली काढलेल्या आवृत्तीवर अनेकवचन परत आले. हा व्याकरणाचा किरकोळ तपशील नव्हे. ज्याची सायकल चोरीला जाते तो अंतोनियो अखेरीस स्वतःच, मुलाच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याची सायकल पळवू पाहतो. शीर्षकातला चोर एकच असेल तर तो कोणी परका ठरतो आणि नायक निर्दोष राहतो. अनेकवचनाने नायकही त्यात सामील होतो, आणि त्याच्याशी समरस झालेला प्रेक्षकही. आपल्या मराठीत तर 'चोर' शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन एकच. 'सायकलचोर' एवढे म्हटले की एक चोर की अनेक, हा निवाडा प्रेक्षकावर सोपवता येतो. जे एका अक्षराने बिघडले, ते आपल्या भाषेत आपोआप साधते.

याच चित्रपटात आणखी एक योग आहे. अंतोनियोची नोकरी भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची. तो रिटा हेवर्थचे भित्तिपत्रक भिंतीवर बसवण्यात गुंतलेला असतानाच त्याची सायकल जाते. वर झगमगते चित्र आणि खाली पोटाची भ्रांत! चित्रपटाच्या भित्तिपत्रकाविषयी इतकी बोचरी टिप्पणी दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने केल्याचे आम्हांला आठवत नाही.

हाच चित्रपट १९५० साली लंडनमध्ये सत्यजित राय यांनी पाहिला. कलकत्त्याच्या ज्या जाहिरात संस्थेत ते चित्रकार म्हणून काम करीत, तिनेच त्यांना तिकडे पाठवले होते. त्याआधी 'पथेर पांचाली'च्या संक्षिप्त आवृत्तीसाठी त्यांनी चित्रे काढली होती. म्हणजे तो चित्रपट कागदावर आधी उतरला आणि पडद्यावर नंतर. पुढे आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः करीत. बंगाली अक्षरांच्या वळणांतूनच चित्रपटाची वृत्ती सांगण्याची त्यांची हातोटी पाहिली की बाहेरचे चित्र आणि आतला चित्रपट एकाच मनातून आल्याची खात्री पटते. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळातच आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके रंगवली होती. तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही. आपण ती सोडून दिली, इतकेच.

आज तिची जागा पानांच्या दोन डहाळ्यांनी घेतली आहे. महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, डहाळी. नामांकन मिळाले, डहाळी. पुरस्कार मिळाला, मोठी डहाळी. काही वेष्टनांवर ही पाने इतकी दाटतात की मागे चित्र आहे की नाही अशी शंका यावी. पुरस्कारांना आमचा विरोध नाही. 'श्यामची आई'ला १९५४ साली मिळालेल्या सुवर्णपदकानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीत यायला २००४ साली 'श्वास' यावा लागला. त्या सुवर्णकमळाने मराठी चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे कोण नाकारील? लहान चित्रपटाला जाहिरातीसाठी पैसा नसतो. पुरस्कार हीच त्याची जाहिरात. हे आम्हांला मान्य आहे. पण 'श्वास' ही नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी त्याला जग दाखवून आणणाऱ्या आजोबांची गोष्ट आहे. ती पाहायला येणाऱ्याला आधी आजोबा-नातू दिसावेत, कमळ नंतर.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने तर हा प्रश्न अधिक अवघड केला. २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेलेला आणि पुढच्या वर्षी सुवर्णकमळ मिळवणारा हा चित्रपट. त्यात आरोपी लोकशाहीर आहे, वकील आहेत, न्यायाधीश आहेत. पण नायक म्हणावा असा एक चेहरा नाही. अन्याय तिथे तारखांच्या, कामकाजाच्या संथ लयीत घडत राहतो. अशा चित्रपटाचे मुखपृष्ठ करायचे तर कलावंताला चित्रपट समजावा लागेल. पाने चिकटवायला समज लागत नाही.

आता तबकड्याही मागे पडल्या आणि मुखपृष्ठ बोटाच्या पेराएवढे उरले. तेही सर्वांना सारखे दिसत नाही. प्रेक्षकाची आवड पाहून चित्र बदलण्याची आपली पद्धत नेटफ्लिक्सने २०१७ साली स्वतःच सांगितली. त्यांचे उदाहरण होते 'गुड विल हंटिंग': प्रेमकथा पाहणाऱ्याला नायक-नायिका आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. या भूमिकेसाठी विल्यम्स यांना ऑस्कर मिळाले, ते विनोदासाठी नव्हे. दुखावलेल्या एका तरुणाला बोलते करणाऱ्या दुःखी माणसासाठी. पूर्वीचे वेष्टन निदान सर्वांशी एकच खोटे बोलत असे!

आमची अपेक्षा फार नाही. पुरस्कार मागच्या बाजूस जावेत, पुढे चित्रपट असावा आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव. आमच्या मंडळात आता चित्रपट सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे त्याच्या मुखपृष्ठासाठी ठेवली आहेत. संपल्यावर ते पुन्हा पाहायचे आणि कबूल केलेले मिळाले का, हे विचारायचे. अजून तरी 'नाही' हेच उत्तर अधिक वेळा येते.